वाड्यातली पहिली परीक्षा

नाट्यसंमेलनाचे उद्घाटन असो, एखाद्या हौशी संस्थेचा वर्धापनदिन असो किंवा जुन्या संगीत नाटकाचा नव्याने उभा केलेला प्रयोग असो. कलावंत रंगमंचावर ओळीने उभे राहतात, पेटी-तबल्याचा सूर जुळतो आणि 'संगीत शाकुंतला'ची नांदी सुरू होते. प्रेक्षागृहातली जाणती मंडळी नकळत सावरून बसतात. ही नांदी मराठी रंगभूमीच्या कुळाचारासारखीच झाली आहे. त्यामुळे ती कधी काळी अगदी नवी, कोणाच्याही कानावर न पडलेली होती, याचा सहज विसर पडतो. ज्या पदांना पुढे साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतले, त्यांची पहिली परीक्षा मोठ्या नाट्यगृहात झाली नव्हती. ती झाली पुण्याच्या बुधवार पेठेत, तांबेकरांच्या वाड्यात, परिचितांच्या बैठकीत. साल होते १८८०. पदे रचणारा गृहस्थ सदतीस वर्षांचा, सरकारी कचेरीत नोकरी करणारा होता. त्याच्या गाठीला नाटकधंद्यातले एक अपयश होते आणि आपण करतो आहोत ते चालेल, याची हमी देणारे कोणी नव्हते. त्याचे नाव बळवंत पांडुरंग किर्लोस्कर. लोकांच्या तोंडी अण्णासाहेब.

अण्णासाहेबांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी धारवाड-बेळगावच्या टापूतील गुर्लहोसूर या गावी झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी नोव्हेंबरच्या ५ तारखेला विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवरा'चा प्रयोग केला आणि मराठी नाटकाचा पाया घातला. म्हणजे मराठी रंगभूमी आणि तिला गाण्याचे वळण लावणारा हा माणूस एकाच वर्षाचे. गुर्लहोसूरच्या परिसरात घरात मराठी आणि दारात कानडी अशी स्थिती होती. देवळातले भजन, कीर्तनकाराची साकी-दिंडी, बायकांच्या जात्यावरच्या ओव्या, कानडी खेळांतली पदे, लावणीचा ठेका, हे सगळे त्या सीमाभागातल्या मुलाच्या कानावर सहज पडत असे. संगीताची रीतसर तालीम घेऊन मोठा गवई होण्याचा मार्ग अण्णासाहेबांचा नव्हता. त्यांची खरी पुंजी होती ती चालींची. कोणती चाल कोणत्या भावाला शोभते, कोणत्या चालीत शब्द मोकळे बसतात आणि कोणत्या चालीत ते गुदमरतात, याची जाण त्यांना पुढे फार उपयोगी पडली.

शिक्षणासाठी तरुण बळवंत पुण्यास आला. पण पुण्याने त्याला पुस्तकांपेक्षा नाटकाचाच नाद अधिक लावला. त्या काळी गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळ्यांना आख्यानांसाठी सतत नव्या पदांची गरज असे. अण्णासाहेब अशी पदे रचून देऊ लागले. त्यानंतर स्वतःचीच मंडळी काढण्याची हौस त्यांना स्वस्थ बसू देईना. 'भारतशास्त्रोत्तेजक मंडळी' असे भारदस्त नाव धारण केलेली ही संस्था फार काळ तग धरू शकली नाही. शिक्षण मागे राहिले, नाटकही हाती लागले नाही, अशा अवस्थेत तरुणपणीच त्यांना घराकडे परतावे लागले. नाटकवाला म्हणजे वाया गेलेला मुलगा, असे मानण्याचा तो काळ होता. सुशिक्षित ब्राह्मण घरातल्या मुलाने तोंडाला रंग फासून लोकांपुढे उभे राहणे ही कुळाला बट्टा लावणारी गोष्ट समजली जाई. अशा वेळी मंडळी बुडाली, याचे दुःख पैशापुरते राहत नसे. घरच्यांचे म्हणणे खरे ठरले, ही बोचही त्यात असे.

त्यानंतरची दहा-बारा वर्षे अण्णासाहेबांनी नोकरीत काढली. बेळगावला त्यांनी शिक्षकी केली, काही काळ पोलीस खात्यात काम केले आणि पुढे ते रेव्हिन्यू कमिशनरच्या कचेरीत लागले. बेळगावच्या दिवसांत त्यांना गोविंद बल्लाळ देवल हा विद्यार्थी भेटला. हाच देवल पुढे 'संगीत शारदा' लिहिणार होता. नाटकाचा नाद सुटला नव्हता, तो फक्त दबला होता. आद्य शंकराचार्यांच्या जीवनावरचे 'श्रीशांकर दिग्जय' हे गद्य नाटक त्यांनी याच काळात लिहिले. ते १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसा कचेरीतले कागद आणि उरलेल्या वेळात पदांची जुळवाजुळव, असा हा दुहेरी संसार होता. कचेरीतल्या कामाच्या निमित्ताने ते पुन्हा पुण्यास आले, तेव्हा पहिल्या अपयशाला बरीच वर्षे लोटली होती. पण पुणे तेच होते, आणि पुण्याची स्मरणशक्तीही चांगली होती.

अण्णासाहेबांपुढची अडचण समजण्यासाठी त्या वेळचे नाटक कसे होते ते पाहावे लागते. भाव्यांच्या परंपरेतल्या पौराणिक खेळांत गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर असे. तो आपल्या साथीदारांसह रंगभूमीच्या बाजूला उभा राहून कथा पद्यात गाई आणि पात्रे त्या अनुरोधाने हातवारे करीत, आयत्या वेळी सुचतील ती भाषणे करीत. राक्षसांचा आरडाओरडा, तलवारींचा खणखणाट, देवादिकांचे प्रवेश यांवर प्रेक्षक खूश असत. दुसरीकडे महाविद्यालयात शिकलेल्या मंडळींची 'बुकिश' नाटके होती. संस्कृत आणि इंग्रजी नाटकांची भाषांतरे, विनायक जनार्दन कीर्तने यांच्या 'थोरले माधवराव पेशवे' सारखी स्वतंत्र ऐतिहासिक नाटके या वर्गात मोडत. या नाटकांना लिखित संहिता होती, बांधेसूदपणा होता, पण गाणे त्यांत जवळजवळ नव्हते. एका प्रवाहात गाणे होते पण ते पात्राच्या तोंडी नव्हते. दुसऱ्या प्रवाहात पात्र होते पण ते गात नव्हते. या दोन प्रवाहांच्या मधली जागा मोकळी होती.

ती जागा मराठीत कोणालाच दिसली नव्हती असे नाही. सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनी मुंबईत 'नलदमयंती' हे पद्यप्रधान नाटक १८७९ मध्येच रंगभूमीवर आणले होते, आणि आद्य संगीत नाटककाराचा मान कोणाचा हा वाद त्यामुळे पुढे अभ्यासकांत रंगला. पुण्यात मात्र ठिणगी पडली ती एका पारशी नाटक मंडळीच्या खेळाने. लखनौच्या अमानतने रचलेल्या 'इंद्रसभा' या उर्दू संगीतिकेचा प्रयोग या मंडळीने १८८० मध्ये पुण्यात केला. पात्रे स्वतः गातात, गाण्यातूनच एकमेकांशी बोलतात आणि प्रेक्षक त्यात रंगून जातात, हे अण्णासाहेबांनी पाहिले. हे मराठीत का होऊ नये, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी त्यांनी पऱ्यांची कथा निवडली नाही. त्यांनी हात घातला तो थेट कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतला'ला.

ही निवड धाडसाची होती आणि सावधपणाचीही. शाकुंतल हे सुशिक्षितांच्या दृष्टीने संस्कृत वाङ्मयाचे भूषण. त्याची मराठी भाषांतरेही आधी झाली होती. नाटकाला नाके मुरडणारा पंडितवर्ग शाकुंतल म्हटल्यावर निदान ऐकून तरी घेईल, हा त्यातला फायदा. पण त्याच कारणाने धोकाही मोठा. मूळ श्लोक ज्यांना मुखोद्गत आहेत, अशा शास्त्री-पंडितांच्या आणि संस्कृत शिकलेल्या पदवीधरांच्या शहरात कालिदासाच्या शब्दांना लोकांच्या चाली लावायच्या होत्या. पद थोडे जरी सैल पडले, तरी कालिदासाची विटंबना केल्याचा ठपका येणार होता. ते फार पंडिती झाले, तर पिटातला प्रेक्षक उठून जाणार होता. अण्णासाहेबांना दोघांनाही धरून ठेवायचे होते.

त्यांनी हे साधले ते चालींच्या बळावर. त्यांची पदे छापून आली, तेव्हा प्रत्येक पदाच्या डोक्यावर ते कोणत्या चालीवर म्हणायचे याचा निर्देश होता. कारण पदाचा साचा चालीतून घडला होता. साकी, दिंडी, आर्या, श्लोक, ओवी, लावणीच्या ढंगाच्या चाली, कानडी पदांच्या चाली, हिंदुस्थानी चिजांच्या चाली, असे नाना तऱ्हेचे सूर त्यांनी एका नाटकात आणले. रागदारीचा विस्तार करीत बसण्याचा तिथे प्रश्न नव्हता. पद आटोपशीर असे, ते संवादाच्या ओघात सुरू होई आणि आपले काम झाले की थांबे. राजाचा मोह, सखींची थट्टा, ऋषीचा निरोप यांसाठी वेगवेगळ्या चाली योजलेल्या असत. जे ऐकायचे होते ते नवे होते. पण ज्या सुरांतून ऐकायचे होते, ते श्रोत्यांच्या घरातलेच होते. नव्या वस्तूला ओळखीचा वेष देण्याची ही युक्ती अण्णासाहेबांच्या यशाचे मुख्य कारण ठरली.

ही पदे म्हणणारे गळे शोधणे हे दुसरे काम. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर हे दोन गाणारे त्यांना लाभले, हे त्यांचे आणि मराठी रंगभूमीचे भाग्य. दुष्यंताची भूमिका मोरोबांकडे आली आणि कण्वाची बाळकोबांकडे. शकुंतला होण्यासाठी शंकरराव मुजुमदार पुढे आले. स्त्रियांनी रंगभूमीवर येण्याची कल्पनाही तेव्हा मध्यमवर्गीय नाटकात करता येत नव्हती. याच मुजुमदारांनी पुढे अण्णासाहेबांचे चरित्र लिहिले, आणि त्या काळाची आपल्याला असलेली बरीचशी ओळख त्यांच्या लेखणीमुळे टिकली. सूत्रधाराची भूमिका अण्णासाहेबांनी स्वतःकडे घेतली. नाटकाचा कर्ता, शिकवणारा आणि प्रेक्षकांपुढे पहिल्यांदा उभा राहणारा माणूस एकच होता. पदे पडली तर पडद्याआड तोंड लपवण्याची सोय त्यांनी स्वतःसाठी ठेवलीच नव्हती.

१८८० च्या दसऱ्याच्या सुमारास हा सगळा उद्योग तांबेकरांच्या वाड्यात परिचितांपुढे आला. पेशवाईनंतरच्या पुण्यात वाडा ही केवळ राहण्याची जागा नव्हती. चौकात कीर्तन व्हायचे, दिवाणखान्यात गाण्याची बैठक बसायची, ओसरीवर शास्त्रार्थ चालायचा. नाट्यगृहात पैसे टाकून आलेला प्रेक्षक अनोळखी असतो; त्याला नाटक आवडले नाही तर तो निघून जातो आणि विसरतो. घरच्या बैठकीचे तसे नसते. तिथे हातभर अंतरावर बसलेला माणूस ओळखीचा असतो. त्याच्या चेहऱ्यावरची नापसंती समईच्या उजेडातही दिसते. तो तोंडावर वाहवा करतो आणि दुसऱ्या दिवशी ओटीवर खरे मत सांगतो. त्यातही १८८० चे पुणे म्हणजे मते ठणकावून सांगणाऱ्यांचे शहर. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल त्याच वर्षी सुरू केले होते. सार्वजनिक सभेचे वजन होते. गाणे हा प्रतिष्ठितांनी अभ्यासण्याचा विषय आहे, हे पटवून देणारा गायन समाज १८७४ पासून काम करीत होता. म्हणजे ऐकणारे कान तयार होते, आणि तयार कानांपुढे गाणेच सर्वांत अवघड.

अशा वेळी धाकधूक होणे स्वाभाविक होते, आणि गंमत अशी की खुद्द कालिदासाने ती नाटकातच लिहून ठेवली आहे. शाकुंतलाच्या प्रस्तावनेत सूत्रधार नटीला सांगतो, की जाणकारांचे समाधान होईपर्यंत आपल्या प्रयोगकौशल्यावर आपला भरवसा बसत नाही. कितीही शिकलेल्या माणसाचे मन स्वतःविषयी साशंकच असते. दीड हजार वर्षांपूर्वी उज्जयिनीच्या कवीने ज्या सूत्रधाराच्या मनात ही शंका घातली, त्या सूत्रधाराच्या जागी पुण्यात अण्णासाहेब उभे होते. त्यांच्या बाबतीत ती केवळ नाटकातली विनयाची रीत नव्हती. समोर खरोखरीचे जाणकार होते. मागे एका बुडालेल्या मंडळीचा इतिहास होता. नोकरी अजून सुटलेली नव्हती. ती सोडण्याजोगे काही आपल्या हाती आहे की नाही, याचा निवाडा याच पदांवर व्हायचा होता.

निवाडा अनुकूल झाला. वाड्यातल्या परीक्षेनंतर अवघ्या काही दिवसांनी, दिवाळीच्या तोंडावर, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतला'चा पहिला जाहीर प्रयोग झाला. त्या दिवशी नाटकाचे पहिले चार अंकच सादर झाले. चौथा अंक म्हणजे शकुंतलेच्या पाठवणीचा. कण्वाचे गहिवरणे, आश्रमातल्या वेलींचा आणि हरिणांचा निरोप, सखींचे डोळे पुसणे. मुलीला सासरी धाडण्याचा प्रसंग घराघरांत ठाऊक असलेल्या प्रेक्षकांसमोर बाळकोबांसारखा गाता कण्व उभा राहिल्यावर संस्कृत येणारा आणि न येणारा, दोघांनाही एकाच जागी हुंदका येणे साहजिक होते. उरलेले अंक पूर्ण करून सात अंकी शाकुंतल १८८१ मध्ये रंगभूमीवर आले. नाटक मंडळी म्हटल्यावर दार लावून घेणारी घरे किर्लोस्करांच्या नाटकाला बायकामुलांसह जाऊ लागली. पदे नाट्यगृहातून बाहेर पडली आणि वाड्यांच्या चौकांत, लग्नघरांत, रस्त्यांवर ऐकू येऊ लागली. ज्या घरांतून चाली उचलल्या होत्या, त्याच घरांत त्या नवे शब्द घेऊन परतल्या.

पहिल्या यशानंतर त्याच जातीचे दुसरे नाटक करून मोकळे होणे सोपे होते. अण्णासाहेबांनी पुढचे पाऊल अधिक मोकळेपणाने टाकले. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी 'संगीत सौभद्रा'चे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले. संपूर्ण नाटक पुढल्या वर्षी झाले. अर्जुन-सुभद्रेची कथा महाभारतातली. पण नाटकातले घर मात्र पुरते मराठी. बहिणीचे लग्न दुर्योधनाशी ठरवून बसलेला तापट वडीलभाऊ बलराम, वरवर त्याच्या होला हो करीत आतून सगळी सूत्रे हलवणारा कृष्ण, संन्याशाच्या वेषात मुक्कामाला आलेला अर्जुन आणि मनातले कोणापाशी बोलावे ते न कळणारी सुभद्रा. कोणत्याही मोठ्या कुटुंबातल्या लग्नाच्या गडबडीत दिसावीत अशी ही माणसे. इथे कालिदासाचा आधार नव्हता आणि त्याचे दडपणही नव्हते. पदे अधिक सुटसुटीत झाली, बोलण्यातून गाणे आणि गाण्यातून बोलणे अधिक सहज निघू लागले. रुसवा, चेष्टा, काळजी, लाडीगोडी असे रोजचे भावही गाण्याजोगे असतात, हे सौभद्राने दाखवले. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही हे नाटक हसतखेळत पाहिले जाते, याचे श्रेय या घरगुतीपणाकडे जाते.

याच सुमारास बडोद्याहून आलेला भाऊराव कोल्हटकर हा तरुण मंडळीत दाखल झाला. १८६३ मध्ये जन्मलेला भाऊराव तेव्हा जेमतेम विशीत होता. रूप, आवाज आणि पल्लेदार तान या तिन्हींच्या जोरावर त्याने शकुंतला आणि सुभद्रा या भूमिकांतून महाराष्ट्राला वेड लावले. लोक त्याला लाडाने भावड्या म्हणत. मोरोबा, बाळकोबा आणि भाऊराव हे तिघे एकाच मंडळीत असण्याचा तो काळ जुन्या रसिकांच्या आठवणींत सोन्याचा ठरला. परंतु ही माणसे आपल्या नाटकात गात आहेत, आपले नाटक त्यांच्या गाण्यासाठी नाही, हे भान अण्णासाहेबांनी सुटू दिले नाही. कितीही गोड गळा असला तरी पद प्रसंगाच्या मापाचेच राहिले. कचेरीतला माणूस आता नाटक मंडळीचा मालक झाला होता. पगाराची निश्चिती गेली होती. तिच्या जागी गावोगावचे मुक्काम, नटांचे रुसवेफुगवे, सामानाच्या गाड्या आणि रोजच्या गल्ल्याची चिंता आली होती. तरुणपणी ज्या धंद्याने घरी परतायला लावले होते, त्याच धंद्यात त्यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा पाऊल टाकले आणि यावेळी तो उभा केला.

तिसरे नाटक 'रामराज्यवियोग' १८८४ मध्ये रंगभूमीवर आले. रामाच्या राज्याभिषेकात मोडता घालणाऱ्या कैकेयी-मंथरेच्या कारस्थानाचे हे कथानक अण्णासाहेबांच्या हातून तीन अंकांपर्यंतच पोहोचले. प्रकृतीने साथ सोडली आणि २ नोव्हेंबर १८८५ रोजी गुर्लहोसूर येथे, जिथे जन्म झाला त्याच गावी, त्यांचे निधन झाले. वय अवघे बेचाळीस. आनंदोद्भवमधल्या पहिल्या प्रयोगापासून मृत्यूपर्यंत त्यांना मिळालेली वर्षे मोजून पाच. तीन नाटके, त्यातले एक अपुरे, एवढीच त्यांची संगीत रंगभूमीवरची कमाई. एवढ्याशा कामावर एका सबंध नाट्यप्रकाराची इमारत उभी राहावी, हे एरवी अशक्य वाटावे असे आहे.

अण्णासाहेबांच्या मागे किर्लोस्कर नाटक मंडळी बंद पडली नाही. भाऊराव आणि मुजुमदार यांनी ती सांभाळली. बेळगावचा विद्यार्थी देवल गुरूच्या वाटेवर राहून नाटककार आणि नाट्यशिक्षक झाला. त्याच्या 'शारदे'ने १८९९ मध्ये जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न पदांतून मांडला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'वीरतनया'ने १८९६ मध्ये पारशी रंगभूमीच्या धर्तीच्या उडत्या चाली आणल्या. १९०१ मध्ये भाऊराव गेले, तेव्हा मंडळीचे कसे होणार असा प्रश्न पडला. त्याचे उत्तर १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस या मुलाच्या रूपाने मिळाले. बालगंधर्वांनी मंडळीत पहिली छाप पाडली ती अण्णासाहेबांच्याच शकुंतलेच्या भूमिकेत. १९११ च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी रागदारी संगीत पुढे आले आणि नाट्यपद ही स्वतंत्र ऐकण्याची गोष्ट बनली.

या वाटेवर काही मिळाले आणि काही सुटले. 'वन्समोअर'च्या गजरात एकेक पद लांबत गेले, नाटक मध्यरात्रीच्या पुढे सरकू लागले, कथा खोळंबून राहू लागली. संगीत नाटकाचे नाटकपण हरवले, अशी तक्रार पुढच्या पिढ्यांनी केली आणि बोलपटांच्या आगमनानंतर तिची झळही बसली. ही तक्रार करताना अनेकदा बोट किर्लोस्करांकडे दाखवले जाते. ते न्यायाचे नाही. त्यांच्या पदांची घडण पाहिली, की त्यांनी गाणे मैफलीसाठी आणले नव्हते हे स्पष्ट होते. त्यांची पदे बोलतात, विचारतात, उत्तर देतात. समोरच्या माणसाला काय कळले, हे पाहतच ती पुढे सरकतात.

ही सवय त्यांना परिचितांच्या बैठकीने लावली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. घरच्या बैठकीत गाणारा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाहून गातो. त्याला लांबण लावता येत नाही, कारण समोरचा कंटाळला की लगेच दिसते. अवघड शब्द वापरता येत नाहीत, कारण माजघराच्या दाराशी उभ्या असलेल्या बायकांनाही ते कळले पाहिजेत. आणि उथळ होता येत नाही, कारण पुढच्या रांगेत शास्त्रीबुवा बसलेले असतात. इतक्या निरनिराळ्या माणसांना एका वेळी सांभाळणारे पद रचायचे, तर रचणाऱ्याला स्वतःविषयी थोडी शंका असावीच लागते. ज्याला आपल्या पदाविषयी पूर्ण खात्री आहे, तो चाल बदलून पाहत नाही, शब्द पुन्हा घासत नाही. अण्णासाहेबांच्या बाबतीत अपयशाची आठवण आणि जाणकारांचा धाक यांनी हे काम केले.

५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो, तो भाव्यांच्या स्मरणार्थ, आणि ते योग्यच आहे. ३१ ऑक्टोबरलाही अनेक रसिक शाकुंतलाच्या पहिल्या प्रयोगाची आठवण काढतात. त्याआधी काही दिवस बुधवार पेठेतल्या त्या वाड्यात झालेल्या बैठकीसाठी मात्र दिनदर्शिकेत जागा नाही. तरी त्या बैठकीचा निकाल रोज कुठे ना कुठे ऐकू येतो. नांदीचे सूर लागतात, कलावंत हात जोडतात आणि समोरच्या जाणकारांना पसंत पडेल का, या जुन्याच शंकेने मराठी नाटक पुन्हा सुरू होते.